'रुचिरा'तून व्हीगन स्वयंपाक : कढी, वरणावरचं तूप आणि सणाचं गोड

सांगलीची_हळद | 9 ऑगस्ट, रात्री 10:20

नमस्कार मंडळी. वाचक जुनी आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

माझी लेक जूनपासून व्हीगन झालीय. मांस-मच्छी आमच्या घरी कधीच नव्हती. आता दूध, दही, ताक, लोणी, तूप आणि मधही बंद. कॉलेजच्या कामासाठी ती काही गोठ्यांवर गेली होती. गायीपासून तोडलेली वासरं पाहिली आणि त्यानंतर तिला दुधाचा पेला तोंडाला लावता येईना. मला तिचं सगळंच पटलंय असं नाही. पण 19 वर्षांच्या मुलीनं विचार करून ठरवलंय, आणि घरात तिला चवीचं जेवण मिळालंच पाहिजे.

सुरुवातीचे पंधरा दिवस मी पाकिटांच्या मागे लागले. टोफू, काजूचं चीज, बदामाचं दूध. खर्च बराच झाला आणि पोरगी अर्धपोटी उठायला लागली. मग एका रविवारी लग्नात मावशीनं दिलेली 'रुचिरा' काढली. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक 1970 सालचं. माझी प्रत नंतरच्या आवृत्तीची, पाठीला खळ लावून दोनदा चिकटवलेली, आमट्यांच्या पानांवर हळदीचे डाग. सगळं माप वाटी-चमच्याचं, त्यामुळे ती समोर असली की वजनकाटा शोधावा लागत नाही. आमच्याकडे वर्षभरात खरोखर शिजतात ते पदार्थ एका वहीत उतरवले आणि एकेकावर पेन्सिलीनं खूण करत गेले. 40 भरले. त्यातले 28 जसेच्या तसे व्हीगन. 7 ठिकाणी फोडणीचं तूप काढून तेल घातलं की झालं. गाडी अडली ती फक्त पाचांवर.

अळूचं फतफतंच घ्या. अळू, हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, चिंच, गूळ आणि वरून हिंग-मेथीची खमंग फोडणी. यात दुधाचा थेंब कधी नव्हताच. डाळिंब्यांची उसळ: वाल भिजवून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून सोलायचे, मग आमसूल, गूळ, ओलं खोबरं. झुणका, मसालेभात, मटकीची उसळ, मुगाची डाळ घालून शेपू, बटाट्याची पिवळी भाजी, कटाची आमटी... आपल्या जेवणाची चव गोडा मसाला, कूट, तीळ, खोबरं आणि आंबट-गोडाच्या जोडीत आहे. दूधदुभतं पानात बहुतेक वेळा वरून येतं.

या आठवड्यात भरली वांगी दोनदा झाली. लहान काटेरी 8 वांगी, देठ ठेवून चार चिरा. सारणाला अर्धी वाटी दाण्याचं कूट, 2 चमचे भाजलेल्या तिळाचं कूट, 2 चमचे भाजलेलं सुकं खोबरं, दीड चमचा गोडा मसाला, तिखट, मीठ, चिंचेचा घट्ट कोळ, सुपारीएवढा गूळ. पुस्तक उघडं होतं, पण एक गोष्ट माझ्या आईची: सारण कालवतानाच त्यात चमचाभर कच्चं तेल घालायचं. मसाला वांग्याला धरून राहतो आणि कोरडा लागत नाही. झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर वाफ. लेक म्हणाली, "आई, यात काहीच कमी नाहीये." त्या वाक्यानं मी आठवडाभर आनंदात आहे.

आता अडलेले पाच: कढी, दह्यातली काकडीची कोशिंबीर, गरम वरणभातावरचं तूप, पुरणपोळीवरचं तूप-दूध आणि बेसनाचे लाडू. गणपती तोंडावर आलेत. कुणी घरी करून पाहिलं असेल तर कृपया सांगा. माप दिलंत तर फार उपकार होतील.

पाटावरवंटा | 9 ऑगस्ट, रात्री 10:51

छान धागा. फोडणीबद्दल एक सांगते. तुपाच्या जागी रिफाइंड तेल घातलं की चव बसते आणि मग लोक व्हीगन जेवणाला नावं ठेवतात. घाण्याचं शेंगदाण्याचं तेल आणा. थोडं वापरा, पण चांगलं तापू द्या, मोहरी पूर्ण तडतडू द्या, जिरं लाल होऊ द्या, हिंग तेलातच फुलवा. साध्या तुरीच्या वरणाला अशी फोडणी आणि दोन लसूण पाकळ्या ठेचून दिल्या तर तुपाची आठवण निम्मी होते.

तिरफळ | 9 ऑगस्ट, रात्री 11:34

आम्ही फोंड्याचे. तुमच्या कढीच्या प्रश्नाला आमच्याकडे जुनं उत्तर आहे: सोलकढी. एका नारळाचं पहिलं घट्ट दूध आणि दुसरं पातळ दूध एकत्र करायचं. 8-10 सोलं (आमसुलं) अर्धी वाटी गरम पाण्यात अर्धा तास भिजवून कुस्करायची, किंवा आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, असेल तर चवीनं घालायचं (आगळात मीठ असतं, म्हणून वरचं मीठ शेवटी). लसूण-हिरवी मिरची नारळासोबतच वाटायची. सोलकढी चुलीवर चढवायची नाही. आंबट घातलेलं नारळाचं दूध उकळलं की फाटतं.

कोशिंबिरीलाही तेच. काकडी चोचवून पाणी पिळून काढा, 4 चमचे नारळाचं घट्ट दूध, अर्धं लिंबू, कूट, मिरची, मीठ, आणि नारळाच्या तेलाची लहानशी फोडणी. वाढायच्या वेळीच कालवा, तासाभरानं ती सैल होते.

आणि चतुर्थीला खतखतें करून बघा. निदान पाच भाज्या तरी हव्यात: भोपळा, सुरण, कच्ची केळी, शेवग्याच्या शेंगा, मुळा, मिळाली तर मक्याची कणसं. तूरडाळ, ओल्या खोबऱ्याचं वाटण, गूळ, सोलं आणि तिरफळं. तिरफळाची आतली काळी बी काढून टाकायची, टरफल जरासं ठेचून शेवटी घालायचं, वाटणात वाटायचं नाही. वास घरभर जातो. सणाचं जेवण आहे हे, आणि त्यात दूध-तूप लागतच नाही.

ओसरी | 10 ऑगस्ट, सकाळी 7:05

मुलीच्या भावनेचा आदर आहे. तरी मनापासून वाटतं ते लिहितो. वरणभातावर तुपाची धार पडल्याशिवाय आमच्या घरी नैवेद्य पूर्ण होत नाही. आईनं 60 वर्षं तसा दाखवलाय. ती 84 वर्षांची आहे, तिच्या पानातून तूप काढा असं मी तरी म्हणू शकणार नाही. तेलाला तुपाची चव येते असं कुणी म्हटलं तर ते मला खरं वाटत नाही. वेगळी चव म्हणून खा, तिला तूप म्हणू नका.

सांगलीची_हळद | 10 ऑगस्ट, सकाळी 8:40

ओसरी, तुमचं शेवटचं वाक्य मला पूर्ण मान्य आहे. मीही तुपाची नक्कल करायचा प्रयत्न सोडून दिलाय, नक्कल केलेलं काहीच तिला आवडलं नाही. सासूबाई 78 वर्षांच्या आहेत. त्यांची तुपाची वाटी त्यांच्या पानाशेजारी तशीच असते. वरण मात्र एकच शिजतं, बिनतुपाचं, आणि ज्याला हवं तो वरून घेतो. नैवेद्याचं त्यांच्याशी अजून बोलायचंय. ते मी त्यांच्या कलानंच घेणार.

तिरफळ, कोशिंबीर उद्याच करते. पण लेकीला ती बेसन लावलेली, मेथीदाण्याची फोडणी दिलेली, गरम भातावरची देशावरची कढीच हवीय.

वऱ्हाडी_पाहुणा | 10 ऑगस्ट, सकाळी 9:15

ताई, वरणावर तेल घेण्यात नवीन काही नाही. आमच्याकडे वडाभाताची सगळी मजा तेलातच आहे. दोन-तीन डाळी भिजवून जाडसर वाटायच्या, मिरची, जिरं, हळद घालून वडे तळायचे, ते गरम भातावर चुरायचे आणि वरून हिंग-मोहरीचं कढत तेल. पळी ओतली की भातावर चर्र आवाज आला पाहिजे. गोळाभाताचंही तेच. पोरीला एकदा हे करून घाला.

रोजच्या वरणभातासाठी: अर्धी वाटी शेंगदाण्याच्या तेलात 4 लसूण पाकळ्या, 1 सुकी मिरची, चमचाभर जिरं, चिमूटभर हिंग मंद आचेवर तळा, गार करून बाटलीत भरा. पानात चमचाभर घ्या. आठवडाभरात संपवा, लसूण आहे म्हणून फ्रीजमध्ये ठेवा. आणि जवसाचं ताजं तेल मिळालं तर ते तापवू नका, कडू होतं. चटणी-भाकरीवर कच्चंच घ्या.

एक शंका: ओला नारळ आमच्याकडे कोकणासारखा रोजचा नाही. सगळी उत्तरं नारळातच निघाली तर आम्ही काय करायचं?

राईनकाठी | 10 ऑगस्ट, दुपारी 1:48

वऱ्हाडी_पाहुणा, शेंगदाणा! मी 11 वर्षं जर्मनीत कोलोनजवळ राहतो, 6 वर्षं व्हीगन आहे. इथं दुकानात ओटचं दूध सहज मिळतं, चहा-कॉफीला बरं पडतं. त्यात लिंबू पिळून कढी करून पाहिली, तापल्यावर चिकट झाली, खिरीसारखी. सोयाचं दही बरं, पण फोडणीतही त्याचा वास मागे राहतो. शेवटी आजोळच्या पद्धतीनं दाण्याचं दही लावायला लागलो. सांगलीची_हळद, तुमच्या कढीला हेच हवं.

माप देतो. 1 वाटी कच्चे शेंगदाणे 7-8 तास भिजवा. चोळून साली काढा. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका, सालींमुळे दही तुरट आणि तांबूस होतं. 1 वाटी पाण्यात गंधासारखं बारीक वाटा, मग आणखी 2 वाट्या पाणी घालून स्वच्छ फडक्यातून पिळून गाळा. हे दूध जाड बुडाच्या पातेल्यात ढवळत 7-8 मिनिटं उकळा. गाईच्या दुधापेक्षा लवकर उतू जातं, समोरून हलू नका. कच्चेपणाचा वास गेला पाहिजे. बोट बुडवून ठेवता येईल इतकं कोमट झालं की विरजण.

दुधाचं विरजण चालणार नाही, म्हणून हिरव्या मिरच्यांचे 8-10 देठ, हिरव्या टोपीसकट, धुऊन, पुसून त्यात बुडवा. झाकून उबदार जागी 10-12 तास. पहिलं दही पातळ होतं, चवही जराशी उग्र. ते खायचं नाही, त्याला विरजण समजा. त्याच कृतीनं पुन्हा दूध करा आणि पहिल्यातलं 2 चमचे घाला. हे दुसरं दही छान आंबट, चमच्यानं उचलण्याइतकं घट्ट होतं. वर गुलाबी-काळपट काही दिसलं किंवा घाण वास आला तर सरळ टाकून द्या.

सांगलीची_हळद | 10 ऑगस्ट, दुपारी 2:30

किती नीट लिहिलंत! आज रात्री दाणे भिजत घालते. गाळलेल्या चोथ्याचं काय करता?

राईनकाठी | 10 ऑगस्ट, दुपारी 2:52

थालीपिठाच्या भाजणीत. किंवा तव्यावर कोरडा करून लसूण, तिखट, मीठ घालून चटणी. तेल बरंचसं दुधात उतरलेलं असतं, म्हणून चटणीत वरून कच्चं तेल लागतं.

नळी_आणि_स्लाइड | 10 ऑगस्ट, रात्री 9:10

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, म्हणून चवीखेरीज एक गोष्ट. मुलीच्या बी-12 कडे लक्ष द्या. वनस्पतींतून ते भरवशानं मिळत नाही. शाकाहारी माणसाला जे मिळतं ते दूध-दह्यातून, आणि तुमच्या मुलीनं तेच सोडलंय. हातापायांना मुंग्या, थकवा, विसरभोळेपणा अशी लक्षणं दिसेपर्यंत थांबू नका. रक्त तपासा आणि डॉक्टरांना विचारून गोळी सुरू करा. मोडाची कडधान्यं किंवा आंबवलेलं खाऊन हे भरून निघत नाही.

कॅल्शियमचं तुमच्या स्वयंपाकघरात सोपं आहे. 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम असतं. तीळही चांगले. भाकरी, आंबील (ताकाऐवजी दाण्याच्या दह्याची), तिळाची चटणी रोज असू द्या.

पाकिटांबद्दल: हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, त्यात दूध पावडर, व्हे, केसीन (ही दोन्ही दुधातलीच) असू शकतं. बिस्किटं आणि पाव घेताना मागची यादी वाचा. 2022 च्या नियमांनंतर व्हीगनसाठी वेगळं हिरवं चिन्ह आलंय, इंग्रजी 'व्ही' आणि वर छोटं रोप.

माडाखाली | 11 ऑगस्ट, सकाळी 10:05

गोडाचं कुणी बोललंच नाही! आम्ही मालवणकडचे. आमच्याकडे शिरवाळे आणि रस हा पाहुण्यांना करायचा पदार्थ: तांदळाच्या पिठाच्या उकडलेल्या गोळ्यांच्या शेवया, आणि नारळाच्या दुधात गूळ-वेलची विरघळवून केलेला रस. पुरणपोळीलाही हाच रस द्या. पोळीची कणीक तेलात मुरवतोच आपण, भाजतानाही तूप सोडून दोन थेंब तेल लावा. रसात जायफळ जरा सढळ हातानं किसा. तुपाची पोळी जड लागते म्हणून एक खाणारे रसात बुडवून दोन खातात, हे मी घरी पाहिलंय.

मोदकाच्या उकडीत तुपाऐवजी तेल: 1 वाटी पाणी, 1 चमचा नारळाचं तेल, मीठ, उकळी आली की 1 वाटी आंबेमोहराची पिठी, झाकून वाफ, मग तेल-पाण्याचा हात लावत गरमच मळायची. पारी फाटत नाही. वाढताना तुपाच्या जागी नारळाचं घट्ट दूध ओता. सारण तर नारळ-गुळाचंच आहे, त्याला हात लावायची गरज नाही.

बेसनाचे लाडू नारळाच्या तेलात होतात. 2 वाट्या जाडसर बेसन, पाऊण वाटी तेल, मंद आचेवर अर्धा-पाऊण तास खमंग भाजा. पिठीसाखर मिश्रण गार झाल्यावरच.

वऱ्हाडी_पाहुणा | 11 ऑगस्ट, सकाळी 11:20

माडाखाली, थंडीत जमेल. नारळाचं तेल 24-25 अंशांच्या वर पातळ होतं. आमच्या नागपुरात मे महिन्यात ते लाडू डब्यात बसतील का? माझ्या बायकोनं दिवाळीत केले तेव्हा उत्तम वळले, उन्हाळ्यात केले ते मऊ पडले आणि चमच्यानं खावे लागले. शेंगदाण्याच्या तेलात तर वळतच नाहीत. माझं मत: दाणे-गुळाचे लाडू करा. खमंग भाजलेले दाणे आणि चिकीचा नाही, साधा मऊ गूळ एकत्र कुटला की दाण्यांच्या तेलातच लाडू वळतो. प्रत्येक तुपाच्या पदार्थाला बदली शोधण्यापेक्षा बिनतुपाचा जुना पदार्थ पुढे आणलेला बरा.

माडाखाली | 11 ऑगस्ट, सकाळी 11:58

नारळाच्या तेलात थोडी काजूची पूड घातली तर लाडू जरा बसतात. पण उन्हाळ्याचं तुमचं म्हणणं खरं आहे.

पाटावरवंटा | 12 ऑगस्ट, रात्री 8:30

कोल्हापूरकडच्या घरांना आठवण करून देते: मटणाच्या अळणीऐवजी (मटण शिजवलेल्या पाण्याऐवजी) भाज्यांचं पाणी घेऊन पांढरा रस्सा करा. कांदा, आलं, लसूण, खडे मसाले घालून भाज्या उकळून गाळायच्या. 2 चमचे खसखस, 2 चमचे तीळ, 10 काजू भिजवून गंधासारखे वाटायचे, ते तेलात परतून त्यात हे पाणी, आणि गॅस मंद करून शेवटी नारळाचं दूध. पांढरी मिरी. दाटपणासाठी साय लागत नाही. आमच्या सासऱ्यांनी दोन वाट्या घेतल्या.

सांगलीची_हळद | 15 ऑगस्ट, दुपारी 3:10

आज कढी झाली!

पहिलं दही राईनकाठी म्हणाले तसंच झालं, पातळ, देठांचा किंचित वास. त्यातलं 2 चमचे घालून काल दुसरं लावलं. आमच्याकडे पावसाची गार हवा आहे, म्हणून पातेलं कणकेच्या डब्यात खुपसून ठेवलं, 13 तास लागले. सकाळी झाकण काढलं तर वर तुकतुकीत, चमचा घातला की खाच तशीच राहत होती.

1 वाटी दही, अडीच वाट्या पाणी, दीड चमचा बेसन एकत्र घुसळून घेतलं. तेलात जिरं, 6-7 मेथीदाणे, हिंग, कढीपत्ता, ठेचलेलं आलं-मिरची, मग ताक ओतून सारखं ढवळत मंद आच. एक उकळी फुटायच्या बेतात आली की बंद. फुटली नाही. रंग दुधाच्या कढीपेक्षा जरा मळकट पांढरा, चवीला मागून दाण्याचा गोडवा येतो, म्हणून साखर घातलीच नाही आणि आमसुलाचं एक टरफल जास्तीचं टाकलं. लेकीनं आधी नुसती वाटीतून प्यायली, मग भातावर घेतली, मग पुन्हा वाटीतून.

सासूबाईंनी चव घेतली. म्हणाल्या, "कढी म्हणून नाही सांगितलंस तर दाण्याची आमटी म्हणेन, पण चांगली आहे." थोड्या वेळानं म्हणाल्या, उपवासाला आपण दाण्याची आमटी करतोच की, मग हिला एवढं वेगळं काय करतेयस. मी म्हटलं, तेच तर.

ओसरी, नैवेद्याचंही बोलले. त्यांनी ठरवलंय: पहिल्या दिवशी देवाच्या पानात तुपाची धार त्या स्वतः घालतील, आणि मोदक सगळे तेलाच्या उकडीचे, म्हणजे नातीला प्रसादाचा मोदक खाता येईल. प्रसाद घरातल्या एकाला खाता येत नाही हे त्यांना चालत नाही.

नळी_आणि_स्लाइड, बी-12 ची तपासणी सोमवारी आहे. वडाभात रविवारी. वऱ्हाडी_पाहुणा, कोणत्या डाळी आणि किती, तेवढं लिहाल का? पुस्तकाच्या समासात पेन्सिलीनं तुमच्या नावासकट लिहून ठेवते.

वऱ्हाडी_पाहुणा | 15 ऑगस्ट, सायंकाळी 5:42

हरभऱ्याची 1 वाटी, तुरीची अर्धी, मुगाची अर्धी, 4 तास भिजवून. वाटताना पाणी घालू नका.